नऊ नंबरचा बॉक्स

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचे! अप्पांनी बसमध्ये चार वेळा विचारलं, कुठे चाललोय आपण, आणि चारही वेळा मी सांगितलं, कामावर. पाचव्या वेळी त्यांनीच मला सांगितलं (लेकीला ते ठिणगी म्हणतात), "ठिणगे, कामावर चाललोय," आणि असे खूश झाले की जणू बातमी त्यांनीच आणली.

तसं म्हटलं तर आणली त्यांनीच. हल्ली त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची दोन बोटं रुंदीची जाहिरात सापडली. डोंगरावरच्या विश्रामधामाला वायरमन हवा, बाहेरच्या भिंतीतले वायरी जोडायचे जंक्शन बॉक्स पाण्यापासून सुरक्षित करायचे, राहायची सोय आहे. कागदाची घडी तीन दिवस खिशात घेऊन माझ्यामागे फिरले. शेवटी मी फोन केला. त्यांनी चाळीस वर्षं वायरमनकी केली, मला हातात पेचकस धरायला शिकवलं, आता हात थरथरतात म्हणून घरी बसलेत. त्यांना एकटं ठेवता येत नाही. म्हटलं, चला, तुम्हालाही हवापालट.

इथे आजारातून उठलेली माणसं महिना-दोन महिने विश्रांतीला येतात. सध्या बंद आहे. संध्याकाळ झाली की भिंतीवरच्या दिव्यांची लाइन उडते, अंधारात माणसं ठेचकाळतात. सतराला पुन्हा उघडायचं, त्याआधी काम उरकायचं. सगळा कारभार एका बाईंकडे, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. सगळे म्हणजे माळीकाका. सध्या दोघंच आहेत. वायरमन म्हणून बाई आलेली पाहून मोठ्या बाई जरा थबकल्या, मी लायसन पुढे केलं, त्यांनी चहा पुढे केला. मिटलं.

भिंत मात्र बघण्यासारखी आहे. दोनशे पावलं लांब, दोन पुरुष उंच, सगळी काळ्या दगडाची. तिच्यामागे घर नाही, खोली नाही, नुसता डोंगर. डोंगर खाली येऊ नये म्हणून बांधलेली. पायथ्याशी फिरायची वाट, खांद्याच्या उंचीवर चौदा बॉक्स, प्रत्येकावर एक दिवा. भिंत जिथे संपते तिथे आमची खोली, तिची मागची बाजू म्हणजे ही भिंतच. दोन खाटा, एक टेबल, खिडकीतून खालची दरी. अप्पा आल्या आल्या भिंतीला कान लावून उभे राहिले. मी विचारलं, काय ऐकताय? म्हणाले, भिंतीला कान असतात म्हणतात, मग माणसानं लावले तर काय बिघडलं?

हसून हसून पुरेवाट.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक ते चार झाले. आधीचा कोणी कारागीर भलताच आळशी. झाकणाखालची रबराची पट्टी कुजलेली, केबल शिरते तिथे ती आवळून धरणारी ग्लँड सैल, आत गंज आणि गोगलगायींचा संसार.

लोकांना वाटतं पाणी वरून येतं. अर्धंच खरं. बाहेर गारठा आणि पाइपातून आतली ऊबदार हवा येत असली की बॉक्सच्या पत्र्यावर घाम सुटतो, आणि झाकण कितीही घट्ट लावा, आत थारोळं. म्हणून पाइपाचं तोंड पुट्टीनं बुजवायचं, वरून नि बाजूंनी सिलिकॉन फिरवायचं, आणि तळाला एक बारीक भोक मात्र मुद्दाम ठेवायचं. अप्पांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही: पाण्याची यायची वाट बंद कर, जायची कधी बंद करू नको.

मापं आणि नोंदी याच वहीत करते, म्हणून ती हत्यारांच्या पिशवीतच असते. अप्पा स्टुलावर बसून स्क्रू मोजून देतात. दोन वेळा मला आई म्हणाले. बाकी दिवस चांगला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आठपर्यंत झाले. नववा विचित्र आहे.

वाट नऊपर्यंत चढते, पुढे उतरते, म्हणजे नऊ नंबर सगळ्यात उंचावर. पाणी साचायचंच तर एकमध्ये नाहीतर चौदामध्ये साचायला हवं. पण नवव्याचं झाकण सैल करताच पाणी माझ्या बाहीत आलं. काठोकाठ भरलेला. आठवडाभर पाऊस नाही. आणि पाणी कोमट. आंघोळीच्या तांब्यात उरलेलं असतं तसं.

आत तीन पाइप. दोन शेजारच्या बॉक्सकडे जाणारे. तिसरा मागून आलाय, सरळ डोंगरातून. जुना लोखंडी, इंचभर रुंद, आत वायर नाही. मोठ्या बाईंनी दिलेल्या नकाशात तो नाहीच. तोंडाशी जुन्या सिमेंटचा चुरा आणि काळ्या पडलेल्या चिंध्या. कोणीतरी कधीतरी तो ठासून बुजवला होता.

बोट लावून पाहिलं. आतून हवा येते. ऊबदार, ओलसर. येते, थांबते. येते, थांबते.

डोंगराच्या पोटात ऊब असते, असेल काही. पुट्टीचा गोळा दाबून बसवला, झाकण लावलं, चार स्क्रू घट्ट आवळले. मागे वळले तर अप्पा स्टुलावरून उठून उभे. चेहरा पांढराफटक. बुजवलंस का, असं विचारलं त्यांनी. हो म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी नऊ नंबर तपासायला उघडला. चारही स्क्रू मी आवळले तसेच, सिलिकॉनचा थर अखंड. आत पुट्टीचा गोळा तळाला पडलेला.

गोळा उचलला. जी बाजू पाइपाच्या आत होती, तिच्यावर बोटाचा ठसा. एक टोक, त्यावरच्या रेषासुद्धा स्पष्ट. मी हातमोजे घालून काम करते.

अप्पांवर भडकले. कसा उघडलात, कशाला उघडलात, सतराला माणसं येणार आहेत, खेळ आहे का हा! ते म्हणाले, मी नाही गं. मी म्हटलं, तुम्हाला आठवत तरी असतं का काही? बोलून गेले आणि जीभ चावली. ते मान खाली घालून खोलीत गेले.

नंतर विचार केला. अप्पांना स्क्रू काढता येत नाहीत, हात थरथरतात. आणि झाकण उघडून बाहेरून लावलेलं बोट आतल्या बाजूला कसं उमटेल?

पुन्हा पुट्टी लावली. दुप्पट.

८ नोव्हेंबर, शनिवार

उलगडा झाला! निदान सकाळी मला तसं वाटलं.

अकरा वाजता बारा नंबरवरून परत येते, तर अप्पा नवव्यापाशी. झाकण लटकतंय, स्क्रू कसे काढले देव जाणे, पुट्टी पुन्हा खाली, आणि हातात मोठ्या बाईंची चहाची किटली. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून फनेल केलंय, ते पाइपात खुपसून पाणी ओततायत. मी मटकन स्टुलावर बसले आणि हसायलाच लागले. म्हणजे पाणी हे होतं! परवापासून माझी झोप उडवणारं भूत म्हणजे माझा बाप!

मग हसू थांबलं. आम्ही यायच्या आधीपासून बॉक्स भरत होता. लाइन महिनाभर उडत होती.

आणि दुसरं. मी शेजारीच बसले होते, स्वच्छ ऊन, चूक होणं शक्य नाही. पाइपात ओतलेलं पाणी खळखळ वाहत जातं. हे तसं जात नव्हतं. अप्पा ओतायचे, आणि आत घोट, घोट, घोट. अप्पा थांबले की तेही थांबायचं. मग एक लांब उसासा, आणि फनेलमध्ये हवेचा बुडबुडा.

किटली रिकामी झाली. अप्पांनी मला सांगितलं, अजून आण.

मी आणली. का आणली, मला माहीत नाही. वर दोन बादल्याही आणून दिल्या. एक थेंबही परत आला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

माळीकाकांना गाठलं. ते गुलाबाची छाटणी करत होते, कात्री खाली ठेवलीच नाही. तुझे वडील मी पहिल्याच दिवशी ओळखले, म्हणाले. डाव्या हाताचा अंगठा अर्धा आहे ना? मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

चाळीस वर्षांपूर्वी, माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा, भिंतीच्या जागी नोकरांची जेवणाची खोली होती. एका दुपारी डोंगर खाली आला. खोली पाचजणांसकट गाडली गेली. स्वयंपाकीणबाई, धोबी, झाडलोट करणाऱ्या दोघी बहिणी आणि गाडीचा ड्रायव्हर. माती उपसताना वायरचा एक लोखंडी पाइप वर आलेला दिसला, आणि त्यातून माणसांचे आवाज. जिवंत होती पाचही. त्या वेळी इथे एक तरुण वायरमन कामाला होता. त्यानं पाइपातली वायर ओढून काढली, आणि तीन दिवस त्यातून त्यांच्याशी बोलला, फनेल लावून पाणी पाजलं. ते त्याला भाऊ म्हणायचे.

चौथ्या दिवशी शहरातून इंजिनिअर आले. आणखी उपसलं तर सगळा डोंगर येईल, आधी भिंत घाला, म्हणाले. पण आवाज कानावर येत असताना दगड रचायला एकही मजूर तयार होईना. मग तेव्हाच्या साहेबांनी हुकूम दिला, आधी पाइप बंद करा.

माळीकाका एवढंच म्हणाले, "आणि बंद केला." कोणी ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ती जाहिरात. तीन दिवस खिशात घेऊन फिरले होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज अप्पांचं डोकं लख्ख होतं. असे दिवस आता महिन्यातून एखादा. मी न विचारता बोलले.

चिंध्या कोंबल्या, वरून सिमेंट थापलं, म्हणाले. काय करतोय ते आत सांगितलं नव्हतं. शेवटची चिंधी कोंबत असताना स्वयंपाकीणबाईचा आवाज आला. त्या रागावल्या नव्हत्या, ओरडल्या नव्हत्या. त्यांना वाटलं किटली रिकामी झाली असेल. म्हणाल्या, "भाऊ, पाणी थांबलं."

चाळीस वर्षं रोज ऐकतोय, म्हणाले. सगळं विसरलो, हे जात नाही.

त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. माझ्या बापाला मी काय म्हणणार? तीस वर्षांचं पोर होतं तेव्हा ते. मी म्हटलं, उद्याच निघू. पण मोठ्या बाई म्हणतात, सामानाची गाडी शुक्रवारी, त्याआधी काही नाही. उतरून जायचं तर बारा मैल, आणि अप्पांना वाटेवरच्या चौदाव्या बॉक्सपर्यंत चालवत नाही. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग काम सतरापर्यंत होईल ना?

तीन दिवस काढायचेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मी बंद केला. रसायन कालवून दगडाची भुकटी घातली आणि नऊ नंबरचा तो पाइप भरला. तासाभरात दगड झाला. तळाचं भोकसुद्धा बुजवलं. जायची वाटही बंद.

अप्पा रडले. हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. मी तोंड फिरवून काम केलं. त्यांच्यासारखंच.

दुपारी एक वाजता आठ आणि दहाची पुट्टी बाहेर. तीनला सात, अकरा. प्रत्येकीवर ठसा. एकसारखे नाहीत. एक रुंद, एक बारीक बायकी, एकाचं नख तुटलेलं. त्या पाइपांत वायरी आहेत, करंगळी जायला जागा नाही.

मेन स्विच पाडला. उरलेलं रसायन सगळं वापरलं. चौदाही बंद. सगळी तळभोकं बंद. हात भाजलेत, पर्वा नाही. आता भिंतीला तोंड उरलं नाही.

पाचाला खोलीत आले. मागची भिंत ओली. वरपासून खालपर्यंत घाम सुटलाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

खोलीतला स्विचबोर्ड. प्लगच्या तीन भोकांतून वारा. येतो, थांबतो. गालाला लागतो. माणसाच्या तोंडाचा वास आहे त्याला. खूप दिवस न बोललेल्या तोंडाचा.

साबण भरला भोकांत. चिंधी कोंबली—

कोंबताना आतून. अगदी जवळून. बाईचा आवाज, समजुतीचा.

"ताई, पाणी थांबलं."

तीच. अप्पांनी सांगितलं तेच वाक्य. मी माझ्या हातातली चिंधी बघत राहिले.

अप्पा खाटेवर नाहीत.

तोच दिवस, दुपार

अप्पा नवव्यापाशी. छिन्नी-हातोडा घेऊन. ज्या हातांनी चहाचा कप धरवत नाही, त्या हातांनी अख्खा बॉक्स उपटून काढलाय. मागचे दोन दगड सुटलेत. पोकळी. त्यात उजवा हात कोपरापर्यंत.

ओढला. निघत नाही. पुन्हा ओढला, ते कळवळले. ओढू नकोस, म्हणतात. ते ओढत नाहीयेत, नुसता हात धरलाय. पाचही जणांनी. सोडा म्हटलं की सोडतील, पण मी म्हणणार नाही, असं म्हणतात.

माळीकाका पहार आणायला गेले. मोठ्या बाई फोन करायला. ऊन टळटळीत आहे. पाखरं ओरडतायत. आणि मी—

मी बादल्या ओतल्या. चार. पितायत. मला ऐकू येतंय.

अप्पा म्हणतात, वही काढ. त्यांना निरोप द्यायचेत. तेव्हा द्यायचे राहिले. लिही म्हणतात, लिहिलंस की सोडतील.

लिहिते. ते सांगतात, अप्पा मला सांगतात.

स्वयंपाकीणबाई — चूल विझवली होती, घरी सांगा, माझ्या चुकीनं काही झालं नाही.

धोबी — चादरी दोरीवर राहिल्यात. आत घ्या.

थोरली बहीण — धाकटी घाबरलेली नाही, माझ्या कुशीत आहे, आईला सांगा.

धाकटी — ताई खोटं बोलते.

ड्रायव्हर — किल्ली सीटखाली.

पाच झाले. अप्पा, झाले पाच. हात काढा आता.

बोलत नाहीत. डोकं माझ्या खांद्यावर टेकलंय. जड. माळीकाका कुठे राहिले— अप्पा— नाडी लागत नाही मला, माझेच हात कापतायत म्हणून असेल, म्हणूनच—

आतून परत कोणीतरी. सहावा. पुरुषाचा आवाज. खोल, पाइपाच्या त्या टोकाहून.

अप्पांचा आवाज आहे. अप्पांचे ओठ इथे आहेत, माझ्या गालाशी, मिटलेले, आणि आवाज आतून—

अप्पा मी आहे. अप्पा, मी इथे—

ओळखत नाहीत. मला ताई म्हणतायत. ताई, माझाही एक निरोप लिहून घ्या, म्हणतात. घरी माझी मुलगी आहे. तिला सांगा की